चढावरचं बाक

इंग्लंडात यॉर्कशरमधल्या थॉर्नबेक गावच्या पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीचे, सात सभासद फुकट राबत, आणि क्लार्क बेरिल औथवेट आठवड्याला सहा तासांचा पगार घेऊन त्याच्या तिप्पट राबे. तेवीस वर्षांत हिशेब तपासणाऱ्याने तिच्या वहीवर एकदाही शेरा मारला नव्हता, आणि त्याचा तिला कोण तोरा! सभेच्या इतिवृत्तात सभासदांच्या नावांखाली तिची एक ओळ ठरलेली असे. उपस्थित ग्रामस्थ: एक.

तो एक म्हणजे नोरा सग्डन, तिची शाळेपासूनची मैत्रीण. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नोरा विणकाम घेऊन मागच्या खुर्चीत बसे आणि गावकऱ्यांसाठी राखलेली पंधरा मिनिटं कुत्र्यांची घाण नाहीतर विझलेला दिवा यांवर एकटीच खर्ची घाली. सभासद एकमेकांना डोळे मिचकावत. बेरिलला मात्र बरं वाटे. रिकाम्या खुर्च्यांपुढे सभा चालवण्यात काय राम?

एका फेब्रुवारीत नोराने पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. तिचे गुडघे बोलू लागले होते, आणि दुकानाच्या चढावर मध्येच टेकायला एक बाक हवं होतं. विषयपत्रिका तीन दिवस आधी फळ्यावर लागते, त्यात नाही त्यावर निर्णय नाही, असं बेरिलने सांगितलं. मार्चमध्ये विषय रीतसर आला. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण वर्षाच्या खर्चाची मागणी जानेवारीतच जिल्ह्याकडे गेली होती. घरपट्टीबरोबर गोळा होऊन येणारा तेवढाच काय तो पैसा, आणि त्यात बाक नव्हतं.

"शिल्लक असेल ना थोडीफार?" अध्यक्ष रेस्ट्रिक यांनी विचारलं. मेंढपाळ माणूस, नियमांत कधी शिरला नाही.

"ती दफनभूमीच्या भिंतीसाठी राखून ठेवलीय," बेरिल म्हणाली.

खोटं नव्हतं ते. पण एक ठराव केला की ती रक्कम वळवता येते, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. पण राखीव पैसा वळवला की हिशेब तपासणारा प्रश्न विचारणार; वहीवर शेरा नको म्हणून ती गप्प राहिली.

नोराने लोकर गुंडाळली. "असू दे गं. चढ काही कुठे पळून जात नाही."

उन्हाळ्यात नोराने दुकानात जाणं सोडलं. शेजारीण तिचं दूध-पाव आणू लागली, आणि बसून बसून पाय आणखी आखडले. सभेला रेस्ट्रिक तिला गाडीतून आणत. पुढच्या जानेवारीच्या मागणीत बाक शिरलं तेव्हा तिने एकटीने टाळ्या वाजवल्या. एप्रिलमध्ये पैसे आले, सुताराने काम घेतलं. मेची सभा झाली आणि नोरा घरातच पडली. तिला जवळच्या मोठ्या गावी वृद्धाश्रमात न्यावं लागलं.

बाक बसल्यावर बेरिल तिला भेटायला गेली. ओकच्या लाकडाचं आहे, पाठही आहे, असं सांगून झालं.

"त्या भिंतीचं काय झालं?" नोराने विचारलं.

"अजून हात नाही लागला."

"म्हणजे पैसे पडूनच होते."

बेरिलने मान हलवली. "वळवता आले असते, नोरा. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

नोराने बेरिलचा हात थोपटला. "वही स्वच्छ राहिली ना तुझी?"

तो दिलासा होता की टोमणा, हे बेरिलला पुढेही कधी कळलं नाही. विचारायचा धीर मात्र तिला झाला नाही.

जूनच्या पहिल्या मंगळवारी अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे गावकऱ्यांची पंधरा मिनिटं जाहीर केली. बेरिलने मागच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'उपस्थित ग्रामस्थ' या ओळीपुढे शून्य लिहिलं.