मोठ्या विमानाची आखणी

नजीरचे वडील वाहिदमियाँ कापड छापायचे लाकडी ठसे कोरत. त्यांची कोरणी कधी रेघेबाहेर गेली नाही. तोच हात नजीरला मिळाला. लाकडाच्या जागी फक्त कागद आला. नंदुरबारच्या एका सरकारी कचेरीत तो नकाशे काढायला लागला, तेव्हा फिरतीवर आलेले साहेबही त्याचा कागद खिडकीशी धरून बघत. नजीरला ते आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

त्रेचाळीस साली, लढाईच्या धामधुमीत, कोरीटच्या शिवारात विमान उतरायची पट्टी करायचं ठरलं. वरून दोन विमानांची मापं आली. एक दोन माणसांचं, डाक नेणारं. त्याला सहाशे यार्ड पुरत. दुसरं दोन इंजिनांचं, अवजड. त्याला चौदाशे यार्ड लागत, आणि रुंदीही दुप्पट.

कचेरीतल्या ओव्हरसियरनी त्याला समोर बसवून सांगितलं, "नजीरमियाँ, आधी विमान ठरवायचं, मग पट्टी. लांबी, रुंदी, वळायची जागा, सगळं त्या विमानावरून येतं. आणि विमान कोणतं धरायचं? नेहमी येणारं. कधीकाळी भरकटून येईल ते नाही. इथं लहानच येणार, महिन्यातून दोनदा."

"जी, साहेब."

"मोठ्याचं माप समासात टिपून ठेवा, बस."

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर हिवतापानं पडले. नजीर कागद पसरून एकटाच बसला. लहान विमानाची पट्टी त्यानं पेन्सिलीनं आखून पाहिली. भल्या मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात ती पडून राहिली, एखाद्या बैलगाडीच्या वाटेसारखी. मग त्यानं ती खोडली. मोठ्या विमानाची पट्टी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. दोन्ही टोकांना कंपासनं वळणं काढताना त्याचा श्वास मंद झाला होता. नऊशे यार्डांवर गिरधर पाटलांची विहीर होती. तिचं निळं वर्तुळ त्यानं आधी नीट काढलं, मगच त्यावरून लाल रेघ नेली.

ओव्हरसियरनी घोंगडीतून हात काढून, मापं न वाचताच सही केली. "वा, काय हात आहे तुमचा!" एवढंच म्हणाले. कागद वर गेला आणि मंजूर होऊन आला.

शिवारात आखणीच्या झेंड्या लागल्या तसा गिरधर कचेरीत आला.

"भो, लाल झेंडी मन्ही विहिरना पुढे कसी गई?"

"सरकारना हुकूम शे, गिरधरभाई. इमानले तितली जागा लागस."

"इतली? इमान उतरनार शे का लगीनना वऱ्हाड?"

दोघंही हसले. जाताना गिरधर म्हणाला, "निदान तू तं मन्हासंगे नीट बोलना, भो. बाकीना तं उभाबी करतस नही."

मार्चात विहीर मुरुमानं भरली. गिरधरची बायको जसोदाबाई मोटेचा दोर गुंडाळून, डोक्यावर घेऊन घरी गेली.

थंडीत विमान आलं. लहानच. गाव धावलं, पोरं ओरडली. ते परत उडाल्यावर नजीर चाकांच्या खुणांवरून पावलं मोजत चालला. पाचशेही भरली नाहीत. पुढच्या खेपेलाही तेवढीच. त्यापलीकडे धुमसानं ठोकून टणक केलेल्या जमिनीवर कुसळी गवत वाढत होतं. मोठं विमान कधी आलंच नाही.

लढाई संपली. जादा घेतलेली जमीन परत द्यायची झाल्यास कचेरीनं अहवाल पाठवावा, असा कागद सेहेचाळीस साली आला. त्यात एक रकाना होता: जादा का घेतली? ओव्हरसियर केव्हाच बदलून गेले होते. सही त्यांचीच होती. 'ओव्हरसियरांच्या आदेशावरून' असं नजीरनं लिहिलंसुद्धा. सुबक अक्षरात. मग तो कागद फाडून त्यानं दुसरा घेतला.

अहवालावर जमीनधन्याचा अंगठा लागत होता, तोही वाचून दाखवल्यावर. नजीर कोरीटला गेला. गिरधरच्या ओट्यावर बसून अहवाल वाचू लागला आणि त्या रकान्यापाशी अडकला.

"का थांबना? वाच ना."

"लहान विमान पुरेसे असता मोठे धरले. निवड माझी. कारण, नकाशा देखणा व्हावा."

"म्हंजे काय?"

नजीरनं वर पाहिलं नाही. "म्हंजे, सरकारना हुकूम नव्हता, गिरधरभाई. मन्हंच काम व्हतं. कागद चांगला दिसाले जोयजे म्हनीसन."

 गिरधरनं शाईत अंगठा बुडवला, दाबला आणि धोतराला पुसला.

"ते मोठं इमान," त्यानं विचारलं, "तू कधी पाह्यं का?"

"नही. कागदवरच."

जसोदाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. आलेल्या माणसाला पाणी विचारायची घरातली रीत. नजीरनं ओंजळ धरली, तिनं वरून धार सोडली. पाणी नदीवरून आणलेलं होतं. नको म्हणायला त्याला तोंड नव्हतं. मान खाली घालून तो प्यायला.