अंशतः घर

बाईंच्या दारात कोणी उभे राहिले, की आधी त्यांचा उजवा तळहात पुढे यायचा. नमस्कारासाठी नाही.

"माचिस," बाई म्हणायच्या.

पाहुणा खिसे चाचपायचा. काडेपेटी निघाली की ती बाहेरच्या कोनाड्यात जायची आणि पाहुणा आत. आमच्या हेडमास्तरांनी भर सभेत सिगारेट सोडली होती. त्यांचे लायटर त्या कोनाड्यात बऱ्याच जणांनी पाहिले.

कारण साधे होते. दिवाळीनंतर बाईंच्या पुढच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस असायचा. भावाचे शेत आर्णीपासून जवळच, त्याचे घर भरले की उरलेला बहिणीकडे. भाव खुलेल म्हणून आपण सारेच त्या वर्षांत कापसाबरोबर राहत होतो, तुम्हाला काय सांगायचे! पोरे कापसावर अभ्यास करायची, सोयरे कापसावर बसून चहा प्यायचे, आणि अंग खाजवत खाजवत लग्ने जमायची.

बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी मराठी. वर्गात त्या छापील मराठी बोलत आणि घंटा झाली की वऱ्हाडी. "पुस्तकाची भाषा पगाराची, हे माह्यी," असे त्यांचे म्हणणे.

घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधले होते. तीन खोल्या, वर टिनाचे पत्रे. दर उन्हाळ्यात पदर खोचून शिडीवर चढायच्या, पत्र्यांचे हूक आवळायच्या, खिळ्यांच्या भोकांवर डांबर लावायच्या. कापसाच्या खोलीतली वायर त्यांनी कापूनच टाकली होती. डब्यात उरलेले डांबर वाया जाऊ देणे त्यांना पाप वाटे. ते फाटकाला लागे, बिजागरीला लागे. एका वर्षी माझ्या छत्रीची तडकलेली मूठ त्यांनी मला न विचारता डांबरली. पावसाळाभर मी काळा तळहात घेऊन हिंडलो. छत्री मात्र टिकली, हे कबूल केले पाहिजे.

आणि त्यांनी घराचा, घरातल्या सामानाचा विमा काढला होता. आमच्या गल्लीत तोवर विमा माणसाचा निघे, तोही बायकोला न सांगता. शेजारचे एक काका म्हणाले, "बाई, असं करून आपणच संकटाले बलावतो."

"छत्री घेतली म्हून पाऊस येते का, काका?"

काकांनी आपल्या दारावरच्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवले. "आमचा विमा तो."

"बराय ना. क्लेम कुठं मागता मंग?"

वैशाखात वादळ आले. त्याने डांबराची भीड ठेवली नाही. पुढच्या खोलीचे पत्रे खालच्या लाकडी फाट्यांसकट उचलून मागच्या वावरात नेऊन टाकले. नंतर पाऊस, तो मधल्या खोलीतही शिरला. पलंग, शिलाई मशीन, टीव्ही, पुस्तकांचे कपाट, सगळे भिजले. एक भिंत खचली. कापूसही भिजला, तो उन्हात वाळवून पुन्हा तिथेच रचला; पण तो विम्यात नव्हता आणि बाईंनी तो मागितलाही नाही.

कंपनीचा सर्वेक्षक आला. नुकताच शहरातून बदलून आलेला, चकचकीत बुटांचा. त्याचीही काडेपेटी कोनाड्यात गेली. आत पाऊल टाकताच तो थबकला.

"मॅडम, हे तर गोदाम आहे."

"बसा," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"कापसावर. आमच्या इथं पाव्हना तिथंच बसते."

तो बसला नाही. पॉलिसी राहत्या घराची आहे, मालाच्या साठ्याला ती लागू नाही, असे त्याने सांगितले. बाईंनी त्याला हाताला धरावे तसे बाहेर काढले आणि गल्लीतल्या एकेका घरात नेले. एका घरी कापसावर पाळणा बांधलेला. दुसऱ्या घरी ढिगाच्या उतारावर आजोबा घोरत होते.

"लिहा," बाई म्हणाल्या, "आजोबा, नग एक. साठा."

दुसऱ्यांदा वरचे अधिकारी येणार असे कळले, तेव्हा गल्ली एक झाली. एका रात्रीत कापूस हलवू, आमच्याकडे ठेवू, साहेब गेले की परत आणू. मीही त्याच मताचा होतो. पावसाळा तोंडावर होता, छप्पर नव्हते.

"काहून हलवू?" बाई कडाडल्या. "घरात दारू गाळून राह्यली का मी? माह्या घरात माह्या भावाचा कापूस हाय. लपवाचं त्यात काय हाय?"

कापूस तिथेच राहिला. अधिकारी सज्जन होते. कापसावर बसले, चहा प्याले, खाजवलेही. मग सज्जनपणे त्यांनी निर्णय दिला, की हे घर 'अंशतः निवासी' आहे, सबब रक्कम निम्मी.

बाई तो शब्द घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. "सर, तुमी मराठीचे. हे अंशतः म्हणजे काय? मी इथं कमरेपर्यंत राह्यते का?"

निम्म्या रकमेचा चेक आला, तो त्यांनी परत केला. त्या पावसाळ्यात पुढची खोली ताडपत्रीखाली होती. जोराची सर आली की बाई पदर खोचून ताडपत्रीच्या पोटातले पाणी काठीने वर ढकलत. मी एकदा भीत भीत म्हणालो, "बाई, अर्धे तर अर्धे. घेऊन टाका."

"पैशाचं सोडा, सर. मी सही केली, तर उद्या या गल्लीतलं हरेक घर अर्धं होते. आपण काय अर्धे माणसं हाओ?"

बाई यवतमाळला ग्राहक मंचात गेल्या. मी सोबत गेलो होतो. कंपनीच्या वकिलांनी जोरात विचारले, "आपण झोपता कुठे?"

"कापसावर."

"म्हणजे घरात झोपायला जागा नाही?"

"जागा हाय. पण कापसावर मऊ लागते. या एकदा."

मंचातले लोक हसले. वकीलसाहेब पुढचा प्रश्न शोधत कागद उलटत राहिले. तारखा मात्र पडत गेल्या, आणि बाई प्रत्येक तारखेला इस्त्रीची पांढरी साडी नेसून, एस.टी.ने जात राहिल्या.

निकालाआधीच्या हिवाळ्यात बाई गेल्या. हृदय. सगळ्या घराची देखभाल करताना तेवढे एक बहुधा राहून गेले.

निकाल लागला. कापूस असला तरी माणसे राहतात ते राहते घर, असा. पूर्ण रक्कम आली. भावाने नवे पत्रे टाकले, भिंत उभी केली.

पुढच्या हंगामात मी तिकडून जात होतो. दार उघडे होते. तिन्ही खोल्यांत कापूस. पलंग नाही, कपाट नाही, पाय ठेवायला जागा नाही. भाऊ दारात गाठोडे सोडत बसला होता. तिथे आता कोणीच राहत नव्हते.

"भाऊ," मी म्हणालो, "आता मात्र हे खरंच गोदाम झालं."

त्याने इकडेतिकडे पाहिले.

"हळू बोला, सर," तो म्हणाला. "बाईनं लढून घर केलं हाय त्याले."