उलट्या दाराची फियाट

कृष्णात एका जागी बसलेला कडेगावात कुणी पाहिला नाही. लष्करात ट्रक चालवून परत आला, तो लालासाहेबांच्या जुन्या फियाटवर ड्रायव्हर झाला. गाडी उभी असली तरी हा तिच्याभोवती फडकं घेऊन फिरतच असे. पुढून फुगीर नाकाची, म्हणून गाव तिला डुक्कर फियाट म्हणे. कृष्णातसमोर मात्र तसं म्हणायची सोय नव्हती.

पंच्याहत्तरच्या दसऱ्याला लालासाहेबांनी त्याच कंपनीची नवीकोरी पद्मिनी आणली. म्हणाले, "कृष्णात, जुनी सांगलीच्या हळदवाल्याला दिली. उद्या न्यायला येतोय. नवी मीच चालवीन." झालं! याला घास गिळेना. चहाच्या टपरीवर नुसत्या येरझाऱ्या.

"नवी झ्याक हाय, इंजिनबी गुमान चालतंय. पर दार बघा की! जुनीचं फुडचं दार मागल्या अंगाला उघडतंय. त्येच्यावर हात टेकून आईसाब निवांत बसत्यात. हितं कशा बसायच्या?"

दार हे निमित्त. पोटावर पाय येणार म्हणून गड्याचा जीव खालीवर होत होता, हे टपरीवरच्या कुत्र्यालाही कळलं असतं.

नव्या गाडीची पूजा झाली आणि वाईच्या गणपतीला निघायचं ठरलं. लालासाहेबांच्या आई मनुबाई नऊवारी सावरत आल्या, नेहमीसारख्या सीटकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि टेकायला डावा हात टाकला. तिथं दार नव्हतंच, ते उजवीकडं उघडलं होतं. म्हातारी कलंडली. लालासाहेब स्टिअरिंगमागून "आई, आई" करत राहिले. कृष्णात धावला.

"दाराचं सोडा आईसाब, माझा खांदा धरा." त्यानं त्यांना अलगद आत बसवलं.

"ह्यो असला की मला कंच्याबी गाडीत बसता येतंय," मनुबाई म्हणाल्या.

लालासाहेब उतरले आणि किल्ली कृष्णातच्या हातात दिली. नोकरी राहिली. पण जुनी ठेवायला आता दाराचं निमित्तही उरलं नाही, आणि ते त्यानंच आपल्या हातानं घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हळदवाल्याचा माणूस आला आणि भलत्याच बाजूनं दार ओढू लागला.

"आवं, उलटं उघडतंय त्ये! दमानं!" कृष्णात ओरडला. मग जवळ जाऊन स्वतःच ते उघडून दिलं, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत फडक्यानं डोळे पुसत जागचा हलला नाही.