छावणीच्या बिल्ल्यावर घोडा

परवा नाणी गोळा करणारे एक गृहस्थ घरी आले. भिंगातून आमचा पितळी बिल्ला उलटसुलट पाहू लागले. एका बाजूला 'छावणी' अशी अक्षरं, दुसऱ्या बाजूला घोडा. "दोन बाजूंचा मेळ नाही. असा दुसरा मी पाहिलेला नाही," म्हणाले, आणि हा घडला कसा ते विचारलं. घडवणारा गाढव त्यांच्यासमोरच बसला होता.

तेव्हाच्या महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात प्लेग आला, त्या वेळी मी एका मुसलमान उस्तादांच्या कारखान्यात घण मारत असे. खालचा ठसा लोखंडी ठोकळ्यात, त्यावर पितळेची चकती, वर दुसरा ठसा, की एक घाव. दोन कामं हातात होती. प्लेगपायी लोकांना दहा दिवस वेगळं ठेवायचे त्या छावणीतून सुटणाऱ्यांचे बिल्ले, त्यांच्या मागच्या बाजूला सूर्य. आणि पागेतल्या मोतद्दारांचे, त्यांच्या मागं घोडा.

खंडेनवमीला आम्ही सगळे ठसे काढून पुजायचो. झेंडू उस्ताद स्वतः आणायचे. कुंकू मी लावलं, आणि हात सैल सोडून लावलं. कोरलेल्या रेघा बुजून गेल्या. दसरा झाल्यावर ठसे बसवताना खालचा सूर्याचा की घोड्याचा, हे मी पुसून पाहिलं नाही. पूजेनंतरचे पहिले पाच बिल्लेही पुसायचे नाहीत, हा आमचा रिवाज. छावणीचा शिपाई दारात घाई करत उभा होता. पाचही तसेच लाल, तेलकट, त्याच्या फडक्यात गेले. सहावा उस्तादांनी पुसला.

"आरं, हितं घोडा कसा?"

माझी बायको त्याच छावणीत होती. तिचे दहा दिवस त्या दिवशी भरत होते, आणि शेजारच्या झोपडीत ताप निघाल्याचा निरोप आला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याला अक्षरओळख नव्हती. सूर्य दिसला की सोडायचं, एवढंच त्याला ठाऊक.

ठसा बदलून एक बरोबर बिल्ला मारला आणि मुठीत धरून पळत सुटलो. ती फाटकाच्या आत उभी होती. तिच्याबरोबर आणखी चौघांना अडवलं होतं, त्यांत एक एकटी म्हातारी.

"भायेरचा बिल्ला चालत न्हाय," पहारेकरी म्हणाला. "डाक्टर सायेब परवा येत्यात. तवर आतच ऱ्हायाचं."

त्याचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला, स्वतःचा.

डॉक्टर येईपर्यंत मी कुंपणाशी बसून होतो. शेजारच्या झोपडीतून दोन तिरड्या निघाल्या. मी लांबून ओरडून विचारायचो, "काखेत गाठ दुखती का गं?" ती मान हलवून नाही म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं नाही. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

डॉक्टर आले, तिला आणि आणखी तिघांना सोडलं. म्हातारी तोवर तापानं गेली होती. चार बिल्ले परत आले, ते उस्तादांनी आणि मी घणानं चेचून टाकले. पाचवा बायकोनं आणून पेटीत ठेवला. मी त्याबद्दल तिला कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. माझ्या गाढवपणाची आठवण म्हणून ठेवलाय, असंच मी धरून चाललो.

"कितीला देता?" गृहस्थांनी विचारलं.

बायको आतून आली. तिनं त्यांच्या हातातून बिल्ला काढून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"त्यो इकायचा न्हाय, पावणं," ती म्हणाली. "त्यो म्हातारीचा हाय. तिला सोडायचं ऱ्हायलं."