गप्प म्हणजे मंजूर

माझ्यापुढच्या पाटीवर माझं नाव नव्हतं. टेबलाभोवती प्रत्येकापुढे नाव, खाली संस्था. माझ्यापुढे नुसतं 'मच्छीमार महिला'. मी आयुष्यात मासळी विकलेली नाही. परळच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. मासळी विकते ती माझी आई.

"माझं नाव राहिलं का?" मी विचारलं.

बैठक चालवणाऱ्या मॅडम गोड हसल्या. "तुम्ही समाजाचं प्रतिनिधित्व करताय ना. आणि उद्या फोटो आहेत, लुगडं नेसून या हं. दागिने असतील तर छानच."

मी बरं म्हटलं. राग यायला हवा होता. आला नाही. एसी गार होता. मी बाटली उघडून पाणी प्यायले.

गिरगावातल्या एका हॉलमध्ये दोन दिवसांची बैठक. माहितीच्या धोरणावर परदेशात सगळ्या देशांची परिषद भरणार होती. ओपन सोर्स सॉफ्टवेअरबद्दल आपल्याकडच्या सामाजिक संस्थांचं म्हणणं काय, याचं निवेदन तिथे पाठवायचं होतं. ओपन सोर्स म्हणजे ज्याच्या आतलं काम कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. त्याचा आमच्या शीव कोळीवाड्यातल्या बायकांशी काय संबंध, असं बऱ्याच चेहऱ्यांवर दिसत होतं. संबंध होता.

काही वर्षांपूर्वी एका देणगीवाल्या संस्थेने आमच्या बायकांना ॲप दिलं. फुकट. आईने आणि तिच्या मैत्रिणींनी आपली गिऱ्हाइकं त्यात भरली. दादरच्या कुठल्या घरात सुरमईचे तुकडे जाड लागतात, कुठे श्रावणात बेल वाजवायची नाही, कुठल्या आजी फक्त बोंबील घेतात. आयुष्यभर दारोदार टोपली नेऊन कमावलेलं सगळं. मग ते ॲप एका कंपनीने विकत घेतलं. बायकांचं लॉगिन बंद झालं. थोड्याच दिवसांत त्याच घरांत कंपनीची मासळीची थर्माकोलची खोकी जायला लागली. आई एका दारात उभी राहिली तर आतून आवाज आला, "मावशी, आता मोबाईलवरनंच मागवतो." आमचीच माहिती आम्हाला बाहेर काढता येईना. आत काय चालतं ते बघायची सोय नव्हती आणि किल्ली कंपनीकडे.

पहिल्या दिवशी मी हेच सांगितलं. मराठीत, कारण मॅडम म्हणाल्या, "तुमच्या भाषेतच बोला, जास्त भिडतं." दिल्ली-बंगळुरूहून आलेल्यांसाठी एक सर त्याचं इंग्रजी करत होते. त्यांनी सांगितलं की तंत्रज्ञानामुळे या भगिनींना नवी ओळख मिळाली, पुढे थोड्या अडचणी आल्या. मला इंग्रजी येतं, ऑफिसात दिवसभर तेच बोलते. तरी मी तोंड उघडलं नाही. टाळ्या वाजल्या. मी ओठ ताणून हसले.

माझी मागणी साधी होती. देणगीच्या किंवा सरकारी पैशातून बनलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्सच हवं, आणि लोकांनी त्यात भरलेली माहिती लोकांना काढून नेता यायला हवी. संध्याकाळी मसुदा पडद्यावर आला. मागणी नव्हती. तिच्या जागी होतं: मच्छीमार महिलांनी डिजिटल साधनांचं स्वागत केलं आहे.

अशा बैठकांची एक रीत असते. हात वर करून मतदान नाही. एकेक परिच्छेद वाचायचा, थांबायचं, विचारायचं, "कुणाचा आक्षेप?" कुणी बोललं नाही की सर्वसंमतीने मंजूर. मॅडमनी विचारलं. निम्म्या माना मोबाईलमध्ये. मी पडद्याकडे बघत बसले. हातपाय माझे नव्हतेच जणू. मंजूर.

आमच्या कोळीवाड्यात जमातीची, म्हणजे सगळ्या घरांची, बैठक भरते. तिथे गप्प बसलेल्याला नाव घेऊन विचारतात. तो बोलल्याशिवाय विषय पुढे सरकत नाही, मग त्याने शिव्या घातल्या तरी चालेल.

घरी आई बोंबील साफ करत होती. "काय झालं गो तिथं?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"मंग तू काय बोललीस?"

"काही नाही."

"आम्ही स्वागत केलं?" आवाज चढवला नाही तिने. खरंच समजून घ्यायचं असावं असं विचारलं. दातासाठी दिलेली भूल उतरायला लागली की आतून ठणका सुरू होतो, तसं मला झालं. लाज वाटली. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या कपड्यांत गेले. मॅडमचा चेहरा पडला. शेवटचं वाचन सुरू झालं, आमचा परिच्छेद आला.

"कुणाचा आक्षेप?"

"माझा."

"ताई, ते काल मंजूर झालंय."

"काल मी गप्प होते. आम्ही स्वागत केलेलं नाही. आमचं नुकसान झालंय. माझी मागणी घाला, नाहीतर मच्छीमार महिला हे शब्द काढा." मग मी त्या सरांकडे वळले. "याचं इंग्रजी नीट करा. मला कळतं."

मॅडमनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. हळू आवाजात म्हणाल्या, "परिषदेला समाजातलं एक माणूस न्यायचंय. तुमचं नाव माझ्या मनात होतं. पासपोर्ट आहे ना?"

"आहे. पण ते वाक्य घेऊन मी येणार नाही."

त्यांनी पूर्ण परिच्छेदच काढून टाकला. निवेदन सर्वसंमतीने परदेशी गेलं, आमच्याशिवाय. मी काहीही जिंकले नाही. आईची गिऱ्हाइकं कंपनीकडेच आहेत. ती अजून टोपली घेऊन निघते, कमी दारांवर.

पुढच्या जमातीच्या बैठकीत मी उभी राहिले. कोळीवाड्याच्या नावाने कुठेही काही जाणार असेल तर ते आधी इथे, मराठीत, बायकांसमोर वाचलं जाईल, असं ठरवून घेतलं. त्या हो म्हणतील तेवढंच जाईल. त्या नाही म्हणाल्या आणि तरी कुणी पाठवलं, तर ते जिथे पोचेल तिथे मी जाईन आणि हे खोटं आहे असं सगळ्यांसमोर सांगेन. मला कुणी बोलावलं नसलं तरी.