माराकाकांचा भाद्रपद

माराकाकांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. त्यांना तशी गरजच पडली नाही, जीभ पुरत होती. पनवेलला वडाळे तळ्याच्या बाजूला आमची बिल्डिंग, आणि आमच्या समोरच्या दारात ते आणि काकू. माराकाका हे नाव बिल्डिंगमधल्या मुलांनी ठेवलेलं, कारण केनियातल्या मसाई मारा या अभयारण्याचा विषय काढल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. नवीन आलेल्या भाडेकरूंना आधी वाटायचं, हा माणूस बायकोला मारतो. खरं कारण समजल्यावर ते हसायचे. पण दोन-तीन महिने शेजारी काढले की आपला अंदाज अगदीच चुकला नव्हता, हेही त्यांच्या लक्षात यायचं.

तीस वर्षं त्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर काढली होती. ट्रक काट्यावर चढायच्या आधी नुसतं टायरांकडे बघून ते वजन सांगत म्हणे. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी माणसांकडे वळवली. तेव्हा पनवेलची मंडळी सिंगापूर, दुबई उरकून आफ्रिकेकडे बघायला लागली होती, आणि नक्की कुठे जायचं हे ठरवायला टूरवाल्याच्या आधी काकांकडे येत. काका स्वतः आफ्रिकेला एकदाही गेले नव्हते, पण पुस्तकं, नकाशे आणि टीव्ही यांच्या जोरावर त्यांना तिथला एकेक पाणवठा पाठ होता.

वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना ते म्हणाले, "तुम्ही दक्षिण आफ्रिकेत क्रुगरला जा. तिथे स्वतः गाडी चालवता येते. रस्ता चुकलात की बायकोवर ढकलता येईल." एका निवृत्त शिक्षक जोडप्याला म्हणाले, "टांझानियातलं गोरोंगोरो. सगळे प्राणी एकाच खड्ड्यात आहेत. तुमच्या गुडघ्यांना आणि डोक्याला तेवढंच झेपेल." लोक कसनुसे हसत, सांगितलेल्या ठिकाणी जात आणि खूश होऊन परत येत. त्यांचा सल्ला कधी चुकला नाही, म्हणून त्यांचं बोलणं सगळ्यांनी चालवून घेतलं. मीही घेतलं. मला ते आवडायचे, हे आधीच कबूल करते.

एकदा उलव्याहून एक गृहस्थ आले. त्यांची शेती विमानतळात गेली होती. "काका, आमाला वाघ बघायचा हाय," ते म्हणाले.

"वाघ तिकडं नाय हाय," काकांनी त्यांच्याच बोलीत वेडावलं. "तुमच्या उलव्यात डोंगर कापताहेत, तिथे एखादा ससा तरी उरलाय का बघा आधी."

"ससा नाय ऱ्हायला काका," तो माणूस शांतपणे म्हणाला, "आमीच ऱ्हायलोय." काकूंनी त्या गृहस्थांना आग्रह करून दुसऱ्यांदा चहा दिला.

दिवाणखान्याच्या भिंतीवर काकांनी हाताने काढलेला पूर्व आफ्रिकेचा मोठा नकाशा होता. वाइल्डबीस्टचे, म्हणजे तिकडच्या रानगाईंसारख्या जनावरांचे, कळप वर्षभर गवतामागे गोल फिरतात, तो रस्ता त्यांनी लाल शाईने दाखवला होता आणि त्यावर महिने लिहिले होते ते आपले. माघात पिल्लं जन्मतात, आषाढात कळप वर सरकतात आणि भाद्रपदात मारा नदी ओलांडतात. काकांना ती नदी बघायची होती. "जायचं तर भाद्रपदात," ते म्हणत. "बाकी वेळी जाणं म्हणजे लग्न लागल्यावर अक्षता घेऊन पोचणं."

आणि भाद्रपदात त्यांच्याकडे गणपती असत, पाठोपाठ गौरी. गौरी घरात आणायला काकूंशिवाय दुसरी बाई नव्हती. टूरवाला दरवर्षी विचारायचा आणि काका दरवर्षी चारचौघांत काकूंकडे बोट दाखवायचे, "हिच्यामुळे राहिलं बघा. हिच्या गौरींना पासपोर्ट नाही."

काकूंना नदी नकोच होती. त्यांना हत्ती बघायचे होते. नकाशावर खालच्या बाजूला अंबोसेली होतं, तिथे बर्फाच्या डोंगरापुढून हत्तींचे कळप जाताना त्यांनी टीव्हीवर पाहिले होते. "मोठ्या बाया पुढे आणि पिल्लं मध्ये घेऊन चालतात गं," त्या मला सांगायच्या. "माघात जाता येईल. माघात आपल्याकडे काही नसतं." काकांनी हे ऐकलं की म्हणायचे, "हत्ती बघायला आफ्रिका कशाला? केरळात देवळापुढे बांधलेले असतात." मला पुढे पुढे वाटायला लागलं की भाद्रपदाचा हट्ट त्यांनी मुद्दामच धरला होता. न जाण्याचं खापर फोडायला एक डोकं घरात कायमचं तयार होतं.

मग काकूंना कॅन्सर निघाला. पौषात डॉक्टर म्हणाले की अजून दोन-तीन महिने हिंडू-फिरू शकतील. मी त्यांच्याकडे बसले असताना काकूंनी विचारलं, "या माघात नेता का? हत्ती तेवढे." आयुष्यात त्यांनी एवढं स्पष्ट काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अर्धवट बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं." मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी न बोलता उठून घरी आले. बोलायला हवं होतं.

वैशाखात काकू हॉस्पिटलात होत्या. मी मोसंबी सोलत होते, काका खुर्चीत. काकू मध्येच म्हणाल्या, "यंदा घरात गणपती नसतील. तुम्हाला भाद्रपद मोकळा आहे. जाऊन या." घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर सण करत नाहीत, ते त्या सांगत होत्या. चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि रागही नव्हता. काका म्हणाले, "बघू."

काकूंच्या तेराव्याच्या पंगतीत टूरवाला भेटायला आला होता. काकांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "भाद्रपदात माराच्या टूरला जागा आहे का?" माझ्या शेजारच्या बाईंचा घास हातातच राहिला. काका मात्र पान स्वच्छ करून उठले.

भाद्रपदात काका माराला गेले. सात दिवस नदीकाठी गाडीत बसले. हजारो जनावरं काठापर्यंत आली, पाण्यात पाहत उभी राहिली आणि माघारी फिरली. आठव्या दिवशी काका विमानात बसले. हे त्यांनी परत आल्यावर स्वतःच सांगितलं आणि बिल्डिंगमध्ये कुणालाही वाईट वाटलं नाही. बँकवाल्यांनी तर दार लावून घेतल्यावर टाळी दिली.

मी मुद्दाम, चार माणसं बसलेली असताना विचारलं, "आणि काका, हत्ती?" त्यांना लागावं म्हणूनच विचारलं होतं.

"होते ना," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यातच होते. मोठ्या बाया पुढे, पिल्लं मध्ये. गाडीतले सगळे उभे राहून बघत होते. मी ड्रायव्हरला म्हटलं, पुढे घे, आपल्याला नदीवर जायचंय."

काकांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ते माझ्याकडे बघून बोलत होते, आणि काकूंचे शब्द त्यांनी जसेच्या तसे वापरले होते. म्हणजे इतकी वर्षं ते ऐकत होते. मला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांची दयाही आली, आणि तरी मी त्यांना माफ केलेलं नव्हतं.

त्यानंतर लोक सल्ल्याला येईनासे झाले. दोन वर्षांनी आमचं आफ्रिकेला जायचं ठरलं, तेव्हा नवरा नको म्हणत असतानाही मी काकांकडे गेले. ते बरेच वाळले होते. मला वाटलं, आता माझं वजन करतील, एखादा टोमणा मारतील आणि बोट ठेवतील तिथे आम्ही जाऊ. त्यांनी विचारलं, "तुला काय बघायचंय?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"हत्ती," मी म्हणाले.

काकांनी नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मला विचारू नकोस. त्यातलं मला काही कळत नाही."