सुलट बाजू आत

येसूकाकी कुणाच्याही घरी गेली की आधी पाणी प्यायची नाही. घडवंचीवर रचून ठेवलेल्या अंथरुणांकडे जायची, घड्यांच्या मधोमध हात घालायची आणि हाताची पालथी बाजू तिथे थोडा वेळ धरून उभी राहायची. जसा आपण तापलेल्या मुलाच्या कपाळाला हात लावतो, तसा. मग हात काढून म्हणायची, "वलं हाय," नाहीतर, "बरं हाय." एवढंच. त्यानंतर ती बसायची आणि पाणी मागायची. गावातल्या बायका मागून हसायच्या, "काकी पाहुणी नाय येत, तपासणी येते." पण काकी येणार असं कळलं की त्याच बायका घाईघाईने गोधड्या अंगणात टाकायच्या.

काकीला जाऊन आता दोन पावसाळे झाले. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिला काकी नीट आठवत नाही. तिने कधी विचारलं तर मला तोंडाने सांगता यायचं नाही. चार माणसांत माझा आवाजच फुटत नाही. म्हणून लिहून ठेवते.

माझं माहेर कशेळ्याकडचं. लग्न होऊन मी इकडे चौकच्या बाजूला, लोधिवलीच्या पुढे आत माथेरानच्या डोंगराखाली आले, तेव्हा आईबापांनी कापसाची नवी गादी करून दिली होती. वर निळ्या फुलांचा अभ्रा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची येसूकाकी आली. सासूबाई चहा टाकत होत्या, घरात पाहुणे होते. काकीने सरळ गादीखाली हात घातला, गादी उचलून अंदाज घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ही पाऊस बघणार नाय."

माझे कान तापले. नवरीच्या गादीला कुणी असं बोलतं का? सासूबाई म्हणाल्या, "अगं येसू, आईबापानं हौसेनं दिलीय." काकी म्हणाली, "हौस नाय कुजत गं, कापूस कुजतो."

त्या पावसाळ्यात डोंगरावरून धुकं खाली उतरलं ते घरातच राहायला आल्यासारखं झालं. श्रावण सरता सरता माझ्या गादीवर काळे ठिपके उठले आणि उघडली तर आत कापसाचे गोळे झालेले. काकी बघायला आली. मला वाटलं, आता टोमणा मारेल. तिने काही म्हटलं नाही. नवरात्राआधी ऊन पडलं तेव्हा मला हाक मारली, "ये गं पोरी, गादी गेली, अभ्रा तर हाय." तो निळा अभ्रा वर घालून आम्ही दोघींनी माझी पहिली गोधडी शिवली.

गोधडी शिवण्यापेक्षा ती धुणं काकीला मोठं काम वाटायचं. धुवायची ती उजाडता उजाडता, म्हणजे पुढचं सगळं ऊन मिळतं. साबणाची पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवायची, कोरडी पावडर कपड्यावर टाकली की ओरडायची. दांडक्याने कधी धोपटायची नाही, पायांनी हळूहळू तुडवायची. पिळायची तर अजिबात नाही. दगडावर घडी करून ठेवायची आणि पाणी आपोआप निथळू द्यायचं. "पीळ दिलास की दोरा मेला," असं ती म्हणायची. मग दोन दोऱ्यांवर मिळून वाळत घालायची, म्हणजे ओलं वजन एकाच शिवणीवर येत नाही. ऊन उतरायच्या आत घरात घ्यायची, पण लगेच घडी घालायची नाही. "उनाची घडी घालू नको. आधी तिला गार होऊ दे. गरमागरम मिटलीस की आत घाम येतो." आणि तिचं सगळ्यांत ठाम म्हणणं असं, की अंथरूण धुताना फाटत नाही, वाळवताना फाटतं.

हे सगळं तिला शिकवलं होतं तिच्या नवऱ्याने. गोमाकाका माथेरानला एका हॉटेलात अंथरुणं-पांघरुणं धुवायच्या कामाला होते. वर पावसाळाभर धुकं, सूर्य दिसायची मारामार, आणि ब्लँकेटं तर वाळली पाहिजेत. सुट्टीला ते डोंगरातल्या पायवाटेने खाली घरी यायचे ते हॉटेलातल्या जुन्या, मधे विरलेल्या चादरी खांद्यावर घेऊन. काकी त्या गोधड्यांच्या पोटात घालायची. काकी वाळत घालत असली की काका ओटीवरून विडी ओढत सांगायचे, "सुलट बाजू आत घे गं. ऊन रंग खातं." दर सुट्टीत सांगायचे. काकी दर वेळी म्हणायची, "म्हायती हाय मला." आणि बाजू बदलायची.

त्याच पायवाटेवर एका पावसाळ्यात काका घसरले. कमरेखालचं अंग गेलं. कर्जतच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी काकीला एकच गोष्ट बजावली. पाठीला ओल लागू देऊ नका. एकदा पाठीला जखम झाली तर ती आवरणार नाही, माणूस त्यातच जाईल.

त्या दिवसापासून काकीचं सगळं जगणं चार गोधड्यांवर आलं. एक काकांच्या अंगाखाली, एक दोरीवर, एक धुण्यात, एक घडी घालून तयार. बघायला येणारी माणसं उंबऱ्यात उभी राहून म्हणायची, "अंथरुणाला खिळला बिचारा." काकी फणकारायची. "खिळायला अंथरूण एका जागी राहायला तर पायजे! सकाळचं येगळं, दुपारचं येगळं. खिळा ठोकणार कुठं?" काका आतून हसायचे. माणसं मात्र ओशाळून निघून जायची.

काकांचा धाकटा भाऊ, बाळूभावजी, टेंपो चालवायचा. मनाने वाईट नव्हता, पण जिभेला आवर नव्हता. काकीचं रोजचं धुणं बघून म्हणायचा, "वयनी, गावात धोबीघाट काढा, पाटी मी रंगवून देतो." काकी हातातलं काम करत राहायची. ती अंगाखालची गोधडी काढताना आधी काकांना कुशीवर वळवायची आणि पाठीवरून हात फिरवायची. मी मदतीला असले की मला दिसायचं, ती श्वास धरून असायची. हात खाली कमरेपर्यंत जाऊन आला की सोडायची.

पुढच्या आषाढात पाऊस लागला तो उघडायचं नाव घेईना. वीज गेली होती, पंखा बंद. लाकडं ओली, घरभर धूर. त्यातच काकांचं पोट बिघडलं. सकाळपासून एक गोधडी खराब झाली, मग दुसरी, मग तिसरी. दोरीवरची आदल्या दिवसापासून होती तशीच, हात लावला तर गारढोण. मी गेले तेव्हा भर दुपारी घरात अंधार होता आणि काका काकीच्या एका जुन्या साडीवर पडलेले होते. तीही ओली व्हायला आली होती.

काकीने त्यांना कुशीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला. या वेळी हात मधेच थांबला. माकडहाडापाशी बोराएवढा लाल डाग होता. तिने बोट दाबलं. उचललं. डाग तसाच लाल. दाबून फिका न पडणारा डाग म्हणजे जखमेची सुरुवात.

तेवढ्यात बाळूभावजी निथळत आत आला. हातात टेंपोवरची निळी ताडपत्री. "वयनी, ही घाला खाली. पुसली की झालं. धुवायची भानगड नाय."

"त्यावर घाम सुटतो. पाठ भिजंल."

"आणि आता काय कोरडी हाय?"

"माल हाय का हा, ताडपत्रीवर टाकायला?"

काका उशीतून म्हणाले, "वरनं दोऱ्या आवळू नका म्हंजे झालं."

कुणी हसलं नाही. भावजीचा आवाज चढला. "गोधड्यांच्या नादात माणूस घालवाल वयनी! मंग बसा रडत!" ताडपत्री कोपऱ्यात आपटून तो पावसात निघून गेला.

काकी जागची हलली नाही. ताडपत्रीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ती उचलणार. मीसुद्धा उचलली असती. पण ती उठली, दोरीवरची गोधडी खाली ओढली आणि मांडीवर घेतली. ती तिची सगळ्यांत चांगली गोधडी होती. ओळीने टाके, तांदळाच्या दाण्यासारखे. एक टाका सैल दिसला तरी सगळी कामं टाकून सुई घेऊन बसायची ती बाई. तिने फळीवरचं ब्लेड घेतलं आणि पहिली ओळ उसवली.

"काकी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"गोधडी नाय वाळत," ती म्हणाली. "लुगडं वाळतं. धर तिकडनं."

मग मला कळलं. सात-आठ पदर एकत्र शिवलेले, ते या हवेत कधी वाळणार? पण एकेक पदर वेगळा केला तर तो पातळ. मी धरायची, ती उसवायची. कर्रकर्र आवाज येत होता. वरची तिच्या आईची लुगडी निघाली, मग काकांचं धोतर, मग पोटातल्या हॉटेलच्या पांढऱ्या चादरी. काका कुशीवरूनच बघत होते. "ही तर माथेरानची," म्हणाले. "मीच धुवलेली."

काकीने घमेल्यात निखारे काढले आणि त्यावर डाल पालथी घातली. डाल म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. तिच्यावर पहिली चादर पसरली आणि मला म्हणाली, "हाताची पालथी बाजू ठेव. तुझा हात सोसंल तवर कापड सोसंल. चटका बसला की उचल. इस्तवावर नजर नको ठेवू, हातावर ठेव." ती काकांचं अंग पुसत राहिली, मी डालीपाशी बसले. वाफ तोंडावर येत होती. एखादी करपली तर दुसरी नव्हती. बाहेर पावसाचा एकसारखा आवाज, आत काका म्हणायचे, "खालचं भिजतंय गं." काकी म्हणायची, "आलं, आलं." आणि माझ्याकडे बघायची. मी हात फिरवून मान हलवायची, अजून नाही.

पहिली चादर कोरडी झाली ती तिने गालाला लावून बघितली आणि काकांच्या खाली सारली. मग दुसरी. मग लुगडं. न शिवलेली गोधडी, पदरावर पदर. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला काका कोरड्यात होते. खालचा पदर भिजला की तेवढाच काढायचा, धुवायचा, डालीवर घालायचा. पाऊस उघडेपर्यंत आम्ही तेच केलं. डाग आधी फिका झाला, मग गेला.

भावजी काही दिवसांनी आला तेव्हा काकी ओटीवर सुई घेऊन तेच पदर परत शिवत बसली होती. "उसवायचं नि परत शिवायचं," तो म्हणाला, "येडी झाली ही." काकीने दोरा दाताने तोडला.

काका त्यानंतर बरीच वर्षं होते. गेले ते पौषात, पहाटे, झोपेतच. अंगणात दव पडलेलं होतं. माणसं जमली. बाळूभावजी आणि तिघे-चौघे मिळून काकांना आंघोळ घालायला लागले. आम्ही बायका आत होतो. त्यांनी काकांना कुशीवर वळवलं आणि बाहेरचं बोलणं थांबलं. मग भावजी दारात आला. हात ओले, तोंड लहान मुलासारखं झालेलं. "वयनी," तो म्हणाला, "पाठीवर एक डाग नाय गं." जन्मात पहिल्यांदा तो तिला गं म्हणाला.

काकी उठून बाहेर आली.

आमच्याकडे मयताच्या अंगाखालचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. बरोबर नेतात आणि नदीकाठी टाकून देतात. गावातल्या एका म्हाताऱ्याने ती गोधडी गुंडाळायला घेतली. तीच, उसवून परत शिवलेली.

"थांबा," काकी म्हणाली.

सगळे थांबले. ती गोधडी देणार नाही असंच सगळ्यांना वाटलं. मलाही. ती पुढे आली, गुंडाळीच्या मधोमध हात घातला, हाताची पालथी बाजू. थोडा वेळ धरला.

"वली हाय," म्हणाली.

"अगं येसू, टाकायचीच हाय ती," म्हातारा म्हणाला. "मयत ताटकळवू नये."

"वल्यावर नाय पाठवायची मी त्यांना."

तिरडी बांधून तयार होती. ऊन नुकतंच डोंगरावरून अंगणात उतरत होतं. म्हातारा कुरकुरला, बाकीचेही एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा बाळूभावजीने म्हाताऱ्याच्या हातातून गोधडी घेतली. "वाळू दे," तो म्हणाला. "घाई कुणाला हाय?"

त्याने ती दोरीवर टाकली. काकी शेजारच्या दुसऱ्या दोरीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने टोक मागितलं. दोघांनी मिळून ती दोन दोऱ्यांवर पसरली. सगळं गाव अंगणात उभं राहून एका गोधडीला ऊन लागताना बघत होतं.

काकीने जरा मागे होऊन बघितलं.

"भावजी," ती म्हणाली, "सुलट बाजू आत घ्या. ऊन रंग खातं."

आणि बाळूभावजीने गोधडी उतरवली, उलटी केली आणि परत वाळत घातली.